मॅजिकमध्ये क्रीचर सॅक करताना समोरच्याला मध्ये हात घालता येतो काय?

दुसरं_गेट_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. मॅजिक द गॅदरिंग हा कार्डांचा खेळ खेळणारं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलंही कुणी असेल तर जरा निवाडा करून द्या. (नवख्यांसाठी: क्रीचर म्हणजे लढणारं कार्ड, सॅक म्हणजे ते आपणच बळी देणं, लाइफ म्हणजे खेळाडूचे प्राण, ग्रेव्हयार्ड म्हणजे मेलेल्या-वापरलेल्या कार्डांचा ढीग.) रविवारपासून मावसभाऊ माझ्याशी बोलत नाही आणि मावशीला वाटतंय भांडण पैशांवरून झालंय.

आम्ही आमच्या गच्चीवरच्या खोलीत खेळतो. मी, शहापूरचा हा मावसभाऊ, त्याच्या कॉलेजातला गोकाकचा मित्र आणि शेजारचा नववीतला पोरगा. कार्डं इंग्रजीत, भांडण मराठीत, आणि लाइफ गोकाकवाला कन्नडमध्ये मोजतो. तो आकडे लिहितो नीट, म्हणून वही त्याच्याकडे. माझा डेक काळा. व्हिसेरा सीअर, ब्लड आर्टिस्ट, रिअसेंबलिंग स्केलेटन, व्हिलेज राइट्स, असली सगळी स्वस्तातली कार्डं. टोकन (कार्डाशिवायचं क्रीचर) म्हणून आम्ही चिंचोके वापरतो. भावाचा डेक लाल, जाळपोळीचा.

तर झालं असं. माझा ब्लड आर्टिस्ट टेबलावर होता. कुठलंही क्रीचर मेलं की तो एका खेळाडूचं एक लाइफ घेतो आणि मला एक देतो. गोकाकवाल्यानं त्याच्यावर मर्डर, म्हणजे क्रीचर मारणारं कार्ड, टाकलं. मी लगेच व्हिलेज राइट्स टाकलं (एक क्रीचर सॅक करायचं, दोन कार्डं ओढायची) आणि सॅक करायला तोच ब्लड आर्टिस्ट दिला. दोन कार्डं ओढायला हात पुढं केला तर भाऊ मध्येच ओरडला, "काय करूलैस गे? त्याचं कार्ड आधी पडलंय. तो मेलाय. मेलेला परत कसा मारतीस?" गोकाकवाला बिचारा काही बोलला नाही. ज्याचं कार्ड त्याची तक्रार नाही, पण भावाची आहे.

दुसऱ्या डावात मी म्हटलं, स्केलेटन सॅक करते आणि सीअरनं स्क्राय करते (म्हणजे डेकवरचं वरचं कार्ड बघून हवं तर तळाला टाकते). स्केलेटन ग्रेव्हयार्डात ठेवला. भावानं सीअरवर शॉक (दोन डॅमेज देणारं कार्ड) टाकलं आणि म्हणाला, सीअर गेला, आता स्क्राय नाही. मग मी म्हटलं, निदान स्केलेटन तरी परत दे. त्यावर तो म्हणतो, तोही गेला. शेवटी अर्धं अर्धं करून मिटवलं, स्केलेटन मला परत आणि स्क्राय नाही. असं अर्धं अर्धं कुठल्या नियमात बसतं काय?

आणि तिसरं ऐका. त्यानं ॲक्ट ऑफ ट्रीझन टाकून माझा सेंगिर व्हॅम्पायर घेतला, त्यानंच मला मारलं, आणि मग फ्लिंग टाकून तोच सॅक करून वर आणखी चार डॅमेज दिलं. इथपर्यंत ठीक, खेळ आहे. पण सेंगिर त्यानं स्वतःच्या ग्रेव्हयार्डात ठेवला! माझं कार्ड! ते परत आणायचं कार्ड माझ्या हातात होतं, ते वाया गेलं.

चिंचोके मेले की ब्लड आर्टिस्ट चालतो का, हाही एक वाद आहेच. आमच्यात सध्या जो मोठ्यानं बोलतो त्याचा नियम चालतो, आणि त्यात मी कायम मागं पडते.


वखारवाला_निपाणी

ताई, हा काय सीमाप्रश्न न्हवं. सगळ्याची उत्तरं नियमावलीत लिहिलेली हायत, आणि बहुतेक तुमच्या बाजूची हायत. मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, त्यामुळं वही कुणाकडं असावी याबद्दल तुमच्या गोकाकवाल्याशी माझं जमेल. हा खेळ बंगळूरला नोकरीला होतो तेव्हा शिकलो. तेव्हापासून काळाच डेक. दुसरा रंग हातात घेतला की चुकल्यासारखं वाटतं.

पहिलं म्हणजे कार्ड वाचताना दोन टिंबं शोधायची. कोलन. व्हिसेरा सीअरवर लिहिलेलं असतं: क्रीचर सॅक करा, मग दोन टिंबं, मग स्क्राय 1. टिंबांच्या डावीकडं जे आहे ती किंमत, उजवीकडं आहे ते मिळणारं काम. किंमत देताना कुणालाही, कसलंही कार्ड मध्ये टाकता येत नाही. तुम्ही "सीअर वापरते" म्हणाला आणि स्केलेटन उचलून ग्रेव्हयार्डात ठेवला, एवढं होईपर्यंत समोरच्यानं हात मांडीवर ठेवून बसायचं. त्याची पाळी त्यानंतर येते. तेव्हा स्टॅकवर, म्हणजे अजून घडायच्या चालींच्या चळतीवर, फक्त स्क्राय उरलेलं असतं, स्केलेटन कधीच गेलेला असतो.

निपाणीहून बेळगावला बसमध्ये बसलात, तिकीट फाडलं, आणि काही कारणानं संकेश्वरलाच उतरावं लागलं, तर कंडक्टर तिकिटाचे पैसे परत देत नाही. किंमत म्हणजे तेच. व्हिलेज राइट्सला कुणी काउंटरस्पेल (टाकलेलं कार्ड रद्द करणारं कार्ड) टाकलं तर दोन कार्डं मिळणार नाहीत, आणि सॅक केलेलं क्रीचरही परत येणार नाही. म्हणून समोर निळा डेक आणि त्याच्याकडं दोन जमिनी (मॅना, म्हणजे कार्ड टाकायची ताकद, देणारी कार्डं) उघड्या असतील तर मी चांगलं क्रीचर राइट्सला कधी देत नाही. मरणारंच देतो.

आता तुमच्या भावाच्या शॉककडं येऊ. स्क्रायची ॲबिलिटी एकदा स्टॅकवर चढली की ती सीअरवर अवलंबून राहत नाही. सीअर मेला, जळला, हातात परत गेला, काहीही झालं तरी स्क्राय होणारच. म्हणजे तुमचा स्केलेटन गेला हे बरोबर, आणि स्क्राय मिळायलाच पाहिजे होतं हेही बरोबर. तुम्ही केलेलं अर्धं अर्धं दोन्ही बाजूंनी उलटं झालं. शिवाय त्याचं शॉक स्टॅकवर होतं तेव्हा तुम्हाला आणखी एक डाव होता. सीअर स्वतःलाही सॅक करू शकतो. कार्डावर "दुसरं क्रीचर" असं लिहिलेलं नाही, नुसतं "क्रीचर" लिहिलंय. मरणारच होता, तर जाता जाता आणखी एक स्क्राय. आणि त्यावेळी ब्लड आर्टिस्ट टेबलावर असता तर वर भावाचं एक लाइफही गेलं असतं.

मर्डर आणि राइट्सचं आता. भाऊ म्हणतोय "आधी पडलं" ते खरं, पण स्टॅकवर शेवटी पडलेलं आधी सुटतं. मर्डर नुसतं पडलं होतं, सुटलं न्हवतं, म्हणजे ब्लड आर्टिस्ट जिवंतच होता. तुम्ही तो राइट्सची किंमत म्हणून दिला. त्यानंतर काय क्रमानं झालं पाहिजे होतं ते सांगतो, कारण इथं बरेच जण गडबड करतात. ब्लड आर्टिस्ट स्वतः मेला तरी त्याचा ट्रिगर, म्हणजे आपोआप होणारं काम, लागतो, कार्डावर तसं स्पष्ट लिहिलंय. तो ट्रिगर राइट्सच्याही वर चढतो, कारण किंमत राइट्स टाकतानाच दिली गेली. म्हणून आधी एका खेळाडूचं एक लाइफ जाणार आणि तुम्हाला एक मिळणार. मग दोन कार्डं. मग खाली मर्डरची पाळी, आणि त्याला मारायला समोर कुणीच नाही, म्हणून ते काहीही न करता जाणार. कार्डं ओढायच्या आधी लाइफ जातं हे लक्षात ठेवा. समोरचा एका लाइफवर असेल तर कार्डं ओढायची गरजच पडत नाही.

सेंगिर तुमचाच. सॅक करायचा अधिकार ज्याच्या ताब्यात क्रीचर आहे त्याचा, पण कार्ड जातं मालकाच्या ग्रेव्हयार्डात. ताबा भावाचा होता, मालक तुम्ही. त्यानं फ्लिंगला सेंगिर दिला हे शंभर टक्के कायदेशीर, ॲक्ट ऑफ ट्रीझन आणि फ्लिंग ही तर लाल डेकवाल्यांची जुनी जोडगोळी. चार डॅमेजही बरोबर, सॅक करताना त्याची जी पॉवर होती ती धरायची. पण कार्ड तुमच्या ढिगात यायला पाहिजे. यापुढं असं झालं तर एक करा. ॲक्ट ऑफ ट्रीझन स्टॅकवर असताना सेंगिर अजून तुमच्याच ताब्यात असतो, आणि तुमच्याकडं सीअर आहे. तेव्हाच सॅक करून टाका. ते सुटल्यावर मात्र तुमचा सीअर सेंगिरला हातही लावू शकत नाही. दुसऱ्याच्या ताब्यातलं सॅक करता येत नाही, मग ते तुमच्याच पैशानं घेतलेलं का असेना.

चिंचोक्यांचं थोडक्यात. टोकन मेलं की ते खरोखर ग्रेव्हयार्डात जातं आणि मगच नाहीसं होतं. म्हणून ब्लड आर्टिस्ट चालतो. दर चिंचोक्याला एक.


दुसरं_गेट_टिळकवाडी

धन्यवाद ओ! हे छापून गच्चीवर चिकटवणार आहे. एक शंका. नववीतल्या पोराकडं कार्नेज टायरंट आहे, तो मोठा डायनोसॉर. हेक्सप्रूफ (विरोधकाला टार्गेट करता न येणारा) असल्यामुळं माझं एकही काळं कार्ड त्याला लागत नाही. तो कुणा काकांनी पुण्याहून आणून दिलाय आणि पोरगा प्रत्येक रविवारी तो काढताना आधी टेबलावरचं सगळं बाजूला सरकवतो, जागा करायला म्हणे. याला काही उपाय आहे का? मला फक्त एकदा तो मरताना बघायचा आहे.


वखारवाला_निपाणी

डायबॉलिक ईडिक्ट. 1997 च्या टेंपेस्ट सेटपासूनचं कार्ड, दोन मॅना, इन्स्टंट (दुसऱ्याच्या पाळीतही टाकता येणारं). ते क्रीचरला टार्गेट करतच नाही, खेळाडूला करतं. त्या खेळाडूनं आपलं एक क्रीचर सॅक करायचं. हेक्सप्रूफ क्रीचरला वाचवतं, मालकाला नाही. अविनाशी क्रीचरसुद्धा असंच जातं, कारण सॅक म्हणजे नष्ट करणं न्हवं. जुन्या कार्डांवर रीजनरेट (मरण्यापासून वाचणं) असतं, तेही इथं उपयोगाचं नाही.

पण कुठलं क्रीचर द्यायचं ते तो पोरगा ठरवणार. हिरवा डेक असेल तर डायनोसॉरच्या बाजूला एखादा लॅनोवार एल्फ नक्की बसलेला असणार, आणि तो तुम्हाला एल्फच देणार. आधी छोटे सगळे साफ करा, मग ईडिक्ट. घाई केली तर दोन मॅनात एक एल्फ, यासारखा तोट्याचा व्यवहार नाही.

आणि हा डाव तुमच्यावरही उलटतो हे ध्यानात असू द्या. कुणी तुमच्यावर ईडिक्ट टाकलं तर तुम्ही चिंचोका द्यायचा, आर्टिस्टचा ट्रिगर घ्यायचा आणि आभार मानायचे. माझ्याविरुद्ध ईडिक्ट टाकणाऱ्याला मी चहा पाजतो.


खानापूर_स्टेशन

वरचं सगळं बरोबर आहे. ब्लॉकचं राहिलं, आणि सॅकवाल्या डेकचं निम्मं खाणं तिथंच असतं म्हणून लिहितो.

समोरच्यानं हल्ला केला, तुम्ही स्केलेटननं ब्लॉक जाहीर केला, आणि मग स्केलेटन सीअरला देऊन टाकला. हल्ला करणारं क्रीचर ब्लॉक झालेलंच राहतं. ब्लॉक करणारा नाहीसा झाला म्हणून डॅमेज तुमच्यावर येत नाही. फक्त ट्रॅम्पल (ब्लॉक करणाऱ्याला मारून उरलेलं डॅमेज खेळाडूला देणं) असेल तर येतं, आणि तेव्हा पुढं कुणी नसल्यानं सगळंच येतं. म्हणजे त्या पोराच्या डायनोसॉरपुढं हा डाव खेळू नका, त्याला ट्रॅम्पल आहे. बाकी कुणापुढंही खेळा. ब्लॉकही झाला, स्क्रायही झालं, आर्टिस्टही चालला, आणि स्केलेटन दोन मॅनात परत येतो, टॅप होऊन, म्हणजे आडवा होऊन, येतो तेवढंच. टॅप असल्यामुळं त्याच फेरीत पुन्हा ब्लॉकला उपयोगी पडत नाही, पण पुन्हा सॅक व्हायला त्याला कुणाची हरकत नाही.

याचंच पुढचं. नवीन आलेलं क्रीचर त्याच टर्नला हल्ला करू शकत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काही जण म्हणतात त्याच टर्नला सॅकही करता येत नाही. तसं काही नाही. टॅपचं चिन्ह किमतीत असेल तर अडचण. सीअरच्या किमतीत टॅप नाही. क्रीचर टॅप होऊन पडलेलं असलं, त्याच्यावर पॅसिफिझम लावून त्याला बसवून ठेवलेलं असलं, तरी सॅक होतं.

जुन्या लोकांकडून शिकलेल्यांना आणखी एक सांगायला पाहिजे. मी हा खेळ शिकलो तो मोठ्या भावाच्या मित्रांकडून, आणि ते अजून 2009 च्या आधीचे नियम सांगतात. तेव्हा लढाईतलं डॅमेजही स्टॅकवर जायचं. मॉग फॅनॅटिकनं ब्लॉक करायचा, डॅमेज स्टॅकवर चढवायचं, आणि मग फॅनॅटिक सॅक करून वर आणखी एक डॅमेज द्यायचं. एका मॅनाच्या 1/1 (पॉवर 1, सहन करायची ताकद 1) मध्ये दोन कामं. 2009 च्या जुलैत मॅजिक 2010 बरोबर नियम बदलले आणि ते बंद झालं. आता एक तर लढ, नाहीतर सॅक हो. तुमच्या गच्चीवर कुणी थोरला येऊन "डॅमेज स्टॅकवर" म्हणाला तर त्याला बसायला खुर्ची द्या, पण ऐकू नका.


शहापूर_लाल_डेक

मीच तो मावसभाऊ. लिंक हिनंच पाठवली, वर अंगठा लावून.

ठीक आहे, स्टॅकचं वाचलं. सेंगिर घरी आणून देतो. पण मग मला कुणीतरी हे सांगा, की हिला थांबवायचं कसं? मी सीअरवर काही टाकलं की ही सगळी पलटण सॅक करते. आर्टिस्टवर टाकलं तरी तेच. मरण्याच्या आधी सगळं विकून टाकायचं, हा काय खेळ झाला? माझी लाल कार्डं तर सगळी "मारा" म्हणणारी. मी काय करू, मारायचं सोडून भजन करू?


वखारवाला_निपाणी

दादा, रास्त प्रश्न हाय. सॅकवाल्याला मारण्याची धमकी दिली की तो आधी विकतो, हे खरंच. म्हणून त्याला विकायला माल कमी असताना गाठायचं. दुसऱ्या टर्नला ब्लड आर्टिस्ट एकटा आला की तेव्हाच शॉक. तो 0/1 आहे. तेव्हा बाजूला सीअर नाही, चिंचोके नाहीत. जाताना एक लाइफ घेईल, घेऊ द्या. पाचव्या टर्नपर्यंत वाट बघून मग मोठा बॉम्ब टाकलात तर ती त्या बॉम्बच्या अंगावर आठ क्रीचर सॅक करून तुमचीच आठ लाइफ घेणार. तुम्ही वाट बघत बसता असा माझा अंदाज आहे, लाल डेकवाले शेवटच्या डॅमेजसाठी कार्डं राखून ठेवतात.

दुसरा रस्ता, तिला प्रतिसाद देऊच द्यायचा नाही. स्प्लिट सेकंड नावाची गोष्ट 2006 च्या टाइम स्पायरल सेटमध्ये आली. तसं कार्ड स्टॅकवर असताना कुणालाही दुसरं कार्ड टाकता येत नाही आणि मॅना देणाऱ्या सोडून कुठलीही ॲबिलिटी वापरता येत नाही. लाल रंगात सडन शॉक आहे, दोन डॅमेज, तुमच्या शॉकसारखंच पण तोंड बंद करून. त्यानं सीअर मेला तर ती त्यावर सॅक करू शकत नाही. आर्टिस्टचा ट्रिगर मात्र लागेल, तो आपोआप लागतो, त्याला कुणी वापरावं लागत नाही.

तिसरा रस्ता पांढऱ्या रंगातला, तुमच्या कामाचा नाही, पण पोराला सांगा. एंजल ऑफ जुबिलेशन टेबलावर असेल तर कुणालाच कार्ड टाकायला किंवा ॲबिलिटी वापरायला क्रीचर सॅक करता येत नाही. किंमतच देता आली नाही तर दुकान बंद. गंमत म्हणजे ती एंजल आणि ब्लड आर्टिस्ट दोन्ही 2012 च्या एकाच सेटमधली, ॲव्हासिन रिस्टोअर्ड. त्यातच सिगार्डा, होस्ट ऑफ हेरन्सही आहे. ती असताना विरोधकाचं ईडिक्ट तिच्या मालकाला सॅक करायला लावू शकत नाही. मी तिला दोनदा सामोरा गेलोय, दोन्ही वेळा पत्ते गोळा करून चहा मागवला.


खानापूर_स्टेशन

रेस्ट इन पीसही सांगा ओ. पांढरं, दोन मॅना. ग्रेव्हयार्डात जाणारं सगळं सरळ एक्झाइल होतं, म्हणजे खेळाबाहेर जातं. सॅक करता येतं, किंमत दिली गेली असंच धरतात, पण क्रीचर "मेलं" असं होत नाही, म्हणून ब्लड आर्टिस्ट गप्प. लेलाइन ऑफ द व्हॉइडही जवळजवळ तेच करतं विरोधकाच्या बाजूला, फक्त त्यावर "कार्ड" असं लिहिलंय, आणि टोकन हे कार्ड न्हवं. म्हणजे लेलाइनसमोर ताईंचे चिंचोके मरतात आणि आर्टिस्ट चालतो. रेस्ट इन पीससमोर चिंचोकेही एक्झाइल.


शहापूर_लाल_डेक

सडन शॉक कुठं मिळतंय बघतो. बेळगावात नाही मिळणार, पुण्याच्या मित्राला सांगतो. पण "मॅना देणाऱ्या सोडून" हे काय? म्हणजे तिथंही पळवाट आहे?


दुसरं_गेट_टिळकवाडी

वखारवाले, याला उत्तर देऊ नका प्लीज.


वखारवाला_निपाणी

वहीत लिहिलेलं लपवत नाही, ताई. धंदा बुडतो.

ॲश्नॉड्स ऑल्टर. 1994 च्या अँटिक्विटीज सेटमधलं आर्टिफॅक्ट, कुठल्याही रंगाच्या डेकात चालतं. क्रीचर सॅक करा, दोन टिंबं, दोन बिनरंगी मॅना. मॅना देणारी ॲबिलिटी स्टॅकवर चढतच नाही, लगेच होते, आणि स्प्लिट सेकंड तिला अडवत नाही. म्हणजे तुमचं सडन शॉक स्टॅकवर लटकत असताना ताई ऑल्टरवर सगळी क्रीचर एकेक करून देऊ शकतात. मिळालेला मॅना त्यावेळी कुठं वापरता येणार नाही. पण दर क्रीचरला आर्टिस्टचा ट्रिगर जमा होत राहतो, आणि ते सगळे तुमच्या सडन शॉकच्या वर चढतात, म्हणजे आधी तेच सुटणार. हे कार्ड टेबलावर दिसलं की त्याच टर्नला फोडायचं. लाल रंगात आर्टिफॅक्ट फोडणारी कार्डं ढिगानं आहेत, ती बाहेर ठेवू नका.

आणि चौघं खेळताना एक गोष्ट अजून, कारण पुढचा वाद तिथंच होणार. "प्रत्येक खेळाडूनं एक क्रीचर सॅक करावं" असं कार्ड आलं, उदाहरणार्थ फ्लेशबॅग मरॉडर, तर ज्याचा टर्न त्यानं आधी निवडायचं, मग पाळीनं पुढचे, आणि प्रत्येकानं काय निवडलं ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. उचलायचं मात्र सगळ्यांनी एकदम. ब्लड आर्टिस्ट त्याच झटक्यात जात असेल तरी बरोबर गेलेल्या सगळ्यांचे ट्रिगर मिळतात, स्वतःचाही. चौघांची चार क्रीचर गेली तर चार. टार्गेट दर ट्रिगरला वेगळं निवडता येतं, चारही एकावरच टाकायची सक्ती नाही.


दुसरं_गेट_टिळकवाडी

सक्ती नसली तरी चारही कुणावर जाणार ते ठरलंय. झुलापोर्ट कटथ्रोटही घेऊ का डेकात? तोही असंच करतो ना?


वखारवाला_निपाणी

घ्या, पण फरक ध्यानात ठेवून. ब्लड आर्टिस्टला कुणाचंही क्रीचर मेलेलं चालतं, भावाचं, पोराचं, कुणाचंही. कटथ्रोटला तुमच्या ताब्यातलंच लागतं. सेंगिर भावानं फ्लिंगला दिला तेव्हा तुमचा आर्टिस्ट चालला असता, कटथ्रोट चालला नसता. उलट कटथ्रोट टार्गेट करत नाही आणि सगळ्या विरोधकांचं एकेक घेतो, म्हणून चौघांच्या खेळात तो एका क्रीचरला तिघांची तीन लाइफ नेतो. तुम्हाला मिळतं मात्र एकच. दोघंच खेळत असाल तर आर्टिस्ट बरा, चौघं असाल तर मी कटथ्रोटचे चारही तुकडे घालतो आणि आर्टिस्टचे दोन कमी करतो.